अर्नेस्टीनचा कौल

अर्नेस्टीनने तीच रेकॉर्ड तिसऱ्यांदा लावली आणि उगाचच काउंटर पुसायला घेतलं.

मेम्फिसमधल्या एका बंद पडलेल्या थिएटरात सायप्रस रेकॉर्ड्सचा स्टुडिओ होता. पुढे, जिथे पूर्वी पॉपकॉर्न विकत, तिथे कंपनीचं दुकान; ते अर्नेस्टीन सांभाळायची. सोल संगीतातलं नवं गाणं छापायला धाडण्याआधी मालक हॅस्किन्स त्याची एकच प्रत इथे आणून देत. ती तीनदा वाजवायची. एका तरी गिऱ्हाइकाने आपणहून 'हा कोण गातोय?' म्हणून विचारलं तरच छापायची. या रीतीने दोन वर्षांत पाच गाणी देशभर गाजली होती. न्यूयॉर्कच्या बड्या कंपन्या आता हॅस्किन्सना स्वतःहून फोन करायच्या. अर्नेस्टीनचा कौल एकदाही खोटा ठरला नव्हता.

आज गात होता तिचा धाकटा भाऊ, ओडेल.

शेजारच्या पार्लरमधली बाई डोक्यावर रोलर तसेच ठेवून आली होती. "अगं अर्नी, दुसरं काही लाव ना! ह्या गाण्यावर माझा डोळा लागायचा."

अर्नेस्टीन हसली, पण रेकॉर्ड तिने बदलली नाही.

गाणं संपलं. हॅस्किन्स आतून आले. "विचारलं कोणी?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

हॅस्किन्स मान हलवून आत गेले. ओडेल मागच्या दाराशीच उभा होता. कंपनीची गाडी तोच चालवायचा.

"सख्खी बहीण ना तू?"

"म्हणून तर सांगते. चर्चमध्ये बायांना रडवतोस तू. इथे पाहुण्यासारखा गायलास, अगदी अंग चोरून."

"तुला तरी आवडलं का?"

"मला तू खोकलास तरी आवडतं, बाबा. माझं काय घेऊन बसलास!"

तेवढ्यात एक तरुणी धावतपळत आली. "रेडिओवर सारखा लागतोय तो जेसी लँग्स्टन आलाय का?"

सायप्रसनेच छापलेल्या त्याच्या नव्या रेकॉर्डची खोकी नुकतीच आली होती. ओडेलनेच एक फोडलं, रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली आणि तिच्या हातात दिली.

"घ्या ताई. फार छान गातो हा."

ते तो मनापासून बोलला होता. अर्नेस्टीनला त्याच्याकडे बघवेना. तिला रडू आलं. ओडेलने उरलेली खोकी एकेक करून खांद्यावर घेतली आणि नॅशव्हिलच्या दुकानांत पोचवायला आपल्या गाडीत भरली.