परग्रहावरचा गुडघा

दिपेशने दांडी या कोळीवाड्याच्या गावातलं घर सोडून बोईसरजवळ सरावलीत खोली घेतली, कारण सुक्या बोंबलांच्या वासात त्याला परग्रह सुचत नव्हता. मुंबईच्या एका गेम कंपनीसाठी तो परग्रहावरचे प्राणी काढायचा. म्हणजे तो काढायचा आणि कंपनी परत पाठवायची. खवले, शिंगं, तीन रांगा दात, सगळं झकास. पण प्राणी चालायला लागला की मोडक्या खुर्चीसारखा डुगडुगायचा. शेवटी कंपनीच्या स्नेहा मॅडमनी स्पष्टच कळवलं, चौथाही खोटा वाटला तर काम बंद.

त्याची आई नलू बोईसरच्या बाजारात मासळी विकून परतताना खोलीवर टेकायची. त्या दिवशी तिनं स्क्रीनकडे जरा निरखून पाहिलं.

"याचा गुडगा दोनी बाजूला वाकतो?"

"परग्रहावरचा आहे, आई."

"आसंल. पन पाय उचलाया मास नको? मास कुटं हाय याचं?"

दिपेशला हसू आलं. चार वर्षं आर्ट कॉलेजात घालवलेल्या माणसाला आता टोपलीवाली शरीररचना शिकवणार. नलूनं उरलेली एक चिंबोरी, म्हणजे खेकडी, फोडून त्याच्यापुढे धरली. एक सांधा एकाच दिशेला वाकतो, त्याच्या पुढचा दुसऱ्या दिशेला. पायात मांस थोडंच, ओढणारं सगळं बुडाशी. सांधे असे बाजूला वाकतात म्हणून ती तिरकी पळते. दिपेशचं हसू मावळलं.

दोन दिवसांत त्यानं प्राणी नव्यानं काढला आणि प्राणी चालला. स्नेहा मॅडमनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. हे सुचलं कुठून, त्यांनी विचारलं.

"रिसर्च," दिपेश म्हणाला. "इथं माझी छोटी प्रयोगशाळा आहे."

प्रयोगशाळेत, म्हणजे मोरीत, नलू मासे साफ करत होती. मॅडम म्हणाल्या, एखादा सांधा दाखवा बघू. आता आली का पंचाईत. दिपेशनं आईच्या टोपलीतली जिवंत चिंबोरी उचलली, तीही समोरून. दांडीचं शेंबडं पोरसुद्धा असं उचलणार नाही. तिनं नांगीत त्याचं बोट धरलं आणि तो ओरडला. नलू धावत आली.

"या कोण?" मॅडमनी विचारलं.

"असिस्टंट," दिपेश कळवळत म्हणाला.

नलू जागच्या जागी थांबली. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेलं लपवायची तिला सवय नव्हती. तिनं पदराला हात पुसले, सावकाश, आणि स्टुलावर बसली.

"आसिस्टंटला नाय येत सोडवाया," ती म्हणाली.

"आई, सोडव ना."

"मना नको सांगू. त्यांना सांग."

चिंबोरी आणखी आवळली. दिपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खरं सांगितलं तर काम जाणार आणि न सांगितलं तर बोट.

"ही माझी आई," तो स्क्रीनकडे बघून म्हणाला. "पाय हिनंच शिकवले. प्रयोगशाळा वगैरे काही नाही. मोरी आहे."

नलूनं उठून नांगी बुडाशी पिळली, मग बोटावरून उकलून काढली. मॅडम बराच वेळ हसत होत्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, काम चालू राहील, पण पुढचा प्राणी आईंनी पास केला तरच पाठवायचा. आणि गेममध्ये आईंचंही नाव येईल. काय म्हणून लिहू, आई, त्यांनी नलूला विचारलं.

"ते तुमी बगा," नलू टोपली उचलत म्हणाली. "आसिस्टंट तेवडा याला लिवा."