सुकाणूचा वायसर

मी एक वायसर बोलतोय. मधे भोक असलेली गोल चकती, एवढंच माझं रूप. स्क्रू आवळला की मी खाली दबून बसतो आणि त्याचा भार अंगभर पसरून घेतो, म्हणजे खालच्या वस्तूला खड्डा पडत नाही.

एका कारखान्यात न गंजणाऱ्या स्टीलच्या पत्र्यातून एका ठोक्यात माझा जन्म झाला. पुढे मालवणच्या एका हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी वायसरांबरोबर एकाच डब्यात दोन वर्षं पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, मूठभर उचलायचं, निघून जायचं.

मग दीपिका आली. तोंडवलीच्या मच्छीमार हरिश्चंद्रांची सून. लग्नाआधी ती आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकली होती, पण सासरी होडीला तिला कुणी हात लावू देत नव्हतं. त्या आठवड्यात फायबरच्या होडीचं सुकाणू डुगडुगायला लागलं. सासरे जेवायला गेले तेव्हा तिने सुकाणू धरणारी पट्टी खोलून पाहिली. लोखंडी वायसरांचे गंजून पापुद्रे झाले होते आणि स्क्रूंभोवती फायबरला तडे गेले होते.

पट्टीचा एक स्क्रू ती सोबत घेऊन आली होती. एकेक वायसर ओवून पाहू लागली. एक अडकला. एक सैल पडून लटपटला. सोबतच्या चुंबकाला चिकटले ते लोखंडी, म्हणून तिने बाजूला सारले. मी मात्र स्क्रूवर अलगद उतरलो. फायबर चेपू नये म्हणून तिला रुंद काठाचे हवे होते. तसे आम्ही चौघे निघालो. डब्यातून बाहेर येताना एवढं निरखून कुणी आपल्याला घेतलंय, याचंच मला अप्रूप वाटलं.

घरी हरिश्चंद्र रागावले. न विचारता पट्टी खोललीच कशाला, आणि वायसर खंयचोय चलता, कुठलाही बसवला तरी भागतं, असं त्यांचं म्हणणं.

दीपिका हळूच म्हणाली, "बाबानु, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजता. स्क्रू स्टीलचो, तर वायसरय स्टीलचोच होयो."

नवरा अजय तिच्या बाजूने बोलला, म्हणून काम झालं. तिने तडे भरले, सुकू दिले आणि आम्हांला बसवलं.

महिन्याभराने बापलेक जाळी ओढून परतत असताना वारा फिरला. लाटांनी होडी खडकांकडे रेटली. हरिश्चंद्रांनी सगळं अंग सुकाणूवर टाकलं आणि तो भार आम्हां चौघांवर आला. स्क्रू ओढू लागले. मी फायबरला गच्च टेकून राहिलो. पट्टी हलली नाही. खडक हातभर अंतरावरून मागे गेला.

किनाऱ्यालगत दीपिका पाण्यात उभी होती. होडी वर ओढल्यावर हरिश्चंद्र वाकले आणि त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

मग म्हणाले, "खंयच्या स्क्रूक खंयचो वायसर, तां माकाय शिकव गो."

आता दरवर्षी होडी पाण्यात लोटण्याआधी सासरे-सून मांडीला मांडी लावून बसतात. ती पट्टी उघडते, ते आम्हांला पुसून पाहतात. माझ्या काठावर मिठाचे डाग आलेत, पण गंज नाही.

तुम्हीही कधी दुकानातल्या डब्यात हात घालाल. तेव्हा घाई करू नका. मला कुणीतरी पाहून निवडलं, म्हणून दोन माणसं घरी आली. तिचे उपकार मी जागेवर घट्ट बसून फेडतोय.