आमच्या वेरूळला

विष्णू गायके पगार घ्यायचा दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामातून, पण मनानं तो राष्ट्रकूटांच्या दरबारात नोकरीला होता. दुबईत त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. कुणी नव्या मॉलचं कौतुक करावं, कुणी अबुधाबीच्या मशिदीतल्या संगमरवराचे फोटो दाखवावेत, विष्णू मान जरा तिरकी करून सगळं ऐकून घ्यायचा आणि मग सावकाश म्हणायचा, "छान आहे. पण आमच्या वेरूळला..."

झालं. एवढं म्हटलं की समोरच्यानं खुर्ची ओढून बसावं हे उत्तम. कैलास लेणं एकाच दगडातून कसं काढलंय, कळसापासून सुरुवात करून डोंगर कोरत कोरत खाली कसे आले, किती टन दगड बाहेर काढला, सगळं क्रमानं यायचं. वीणा, म्हणजे त्याची बायको, तेवढ्या वेळात लसूण सोलून घ्यायची. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. कुठल्या वाक्याला विष्णूचा हात वर जाणार आणि कुठे तो पाणी पिणार, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

खरं तर वीणानंही वेरूळ पाहिलं होतं, नाशिकहून कॉलेजच्या सहलीला गेली तेव्हा. पण तिला कोण विचारणार? नवरा वैजापूरचा, म्हणजे जवळजवळ लेण्यांचा शेजारी. लग्नानंतर ती दोन-तीनदा म्हणाली होती, "आता गावी गेलो की वेरूळला जाऊन येऊ या ना." तर तो हसून म्हणायचा, "त्यात काय बघायचंय? पाठ आहे मला." मग तीही गप्प बसली.

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये त्यांच्या खालच्या मजल्यावर कॅस्मिर आणि कॉन्सेप्टा राहायचे. दोघं वसईचे. कॅस्मिर एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. तरुणपणी तो एका इटालियन जहाजाच्या किचनमध्ये होता आणि तिथे कांदे चिरता चिरता इटालियन शिकला होता. कॉन्सेप्टाच्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट होती. इटलीच्या डोंगराळ भागात जुने संन्यासी कडे-कपारीत गुहा खोदून राहायचे, प्रार्थना करायचे. त्या जागा तिला डोळ्यांनी बघायच्या होत्या. ईदची लांब सुट्टी जाहीर झाली तसा कॅस्मिर वर आला.

"यल्ला, विष्णू! इटलीला चल. गुहा बघायच्यात."

"इटलीत लेणी?" विष्णूनं अशा आवाजात विचारलं की जणू कुणी वाळवंटात होडी विकायला आलं होतं. "बघू तरी, काय कोरलंय त्यांनी."

विष्णू-वीणाची लेक मिहिका, दुबईतच वाढलेली, नुकतीच युनिव्हर्सिटीत जायला लागली होती. तिनं फोनमधून मान वर काढली. "बाबा, प्लीज. वन कंडिशन. नो वेरूळ."

"मी कशाला काढीन विषय?" विष्णू म्हणाला, आणि त्याला स्वतःला ते खरंही वाटत होतं.

इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरात पहिल्या गुहेपर्यंत पोचायला बीच नावाच्या उंच झाडांतून चांगलीच चढण होती. वर गेल्यावर दिसलं ते असं: मोठ्या कड्याखाली पुढे आलेली शिळा, तिच्या पोटात बसवलेलं इवलंसं चॅपल, आणि बाजूला खडकात खोदलेल्या पायऱ्या, मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. कॉन्सेप्टानं रुमाल डोक्यावर घेतला आणि ती गुडघ्यावर बसली. सगळे शांत झाले. विष्णूनं भिंतीवरून हात फिरवला, छिन्नीच्या खुणा बघितल्या, घसा साफ केला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण आमच्या वेरूळला..."

कॅस्मिरनं एक बोट वर केलं.

संध्याकाळपर्यंत त्याचे दोन्ही हात भरले. खाली गावात कॉफी प्यायला बसले तेव्हा वीणानं बिलाचे दिरहम केले, दिरहमचे रुपये केले, आणि "अगं बाई!" म्हणून कप दोन्ही हातांनी धरला. कॅस्मिर दहाही बोटं दाखवत म्हणाला, "वहिनी, उद्यापासून मला पायमोजे काढून बसावं लागेल."

विष्णूही हसला. चिडणारा माणूस नव्हता तो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्याबरोबर त्यानं मिहिकाला सांगायला घेतलं की या लोकांनी गुहा नुसती राहण्यापुरती पोखरली, आणि आपल्याकडे मात्र...

"बाबा!"

"बरं, बरं. खलास."

त्या दिवशीची जागा सगळ्यात आडबाजूला होती. दाराच्या किल्ल्या खालच्या वाडीतल्या असुंता नावाच्या म्हातारीकडे असायच्या. काठी टेकत ती त्यांच्या पुढे चढली आणि तिला धाप लागली नाही. धाप लागली ती विष्णूला. आत एकच खोली, दगडातच सोडलेला झोपायचा ओटा, आणि छतातून झिरपणारं पाणी कुंडात आणायला खडकात काढलेली बोटभर रुंदीची पन्हळ. मागच्या भिंतीत खाली एक भोक होतं. त्यातून रांगत गेलं की आणखी एक कोनाडा, संन्याशाची एकांताची जागा.

असुंतानं एवढं दाखवलं, आणि विष्णूचा घसा साफ झाला. कॅस्मिरनं डोळे मिटले. पण आज गंमत म्हणजे म्हातारीला ऐकायचंच होतं. हा माणूस काय सांगतोय, तिनं विचारलं. कॅस्मिर बिचारा वाक्यावाक्याला भाषांतर करत राहिला. डोंगर वरून खाली कोरला, हत्ती कोरले, अख्खं देऊळ कोरलं. असुंता मान डोलवत होती. आकडे आले तेव्हा मात्र तिनं हात हलवून ते बाजूला केले आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," कॅस्मिर म्हणाला, "पहिल्यांदा आत गेलास तेव्हा काय वाटलं? ती म्हणते, ती लहानपणी आईबरोबर इथे पहिल्यांदा आली तेव्हा अंधाराला घाबरून रडली होती. तुझं काय झालं?"

"भव्य," विष्णू म्हणाला. "भव्य वाटलं."

असुंतानं पुन्हा विचारलं.

"वास कसा होता आत?"

"वास?" विष्णूनं इकडेतिकडे बघितलं. "दगडाचा. म्हणजे... दगडासारखा."

"आणि पायांना गार लागलं का?"

विष्णू आपल्या पायांकडे बघत राहिला.

वीणा ओट्याशी उभी होती. नवऱ्याला घरात, गाडीत, लग्नात, मयतीत, सगळीकडे वेरूळवर बोलताना तिनं ऐकलं होतं. वेरूळवर गप्प बसलेला तो तिला पहिल्यांदाच दिसत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं. परीक्षेत शेजारच्याच्या पेपराकडे बघावं तसं. आणि वीणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस तिथे कधी गेलेलाच नाही!

"वटवाघळांचा," ती पटकन म्हणाली. "वटवाघळांचा वास येतो, सांग तिला. आतल्या बाजूला फार. आणि दुपारीसुद्धा गार लागतं पायांना."

असुंताचा चेहरा खुलला. होय होय, इथेही वटवाघळं असतात, म्हणाली. आणि त्या दोघींचं कॅस्मिरमार्फत वटवाघळांवर बोलणं सुरू झालं. विष्णूला आता कुठे जावं कळेना. समोर ते भोक होतं. तो खाली बसला आणि त्यात शिरला.

जाताना पोटाची जरा अडचण झाली. मिहिकानं त्याच्या तळपायांचा फोटो काढला. बराच वेळ तो बाहेर येईना, तेव्हा वीणानं पर्स लेकीकडे दिली आणि ती त्याच्या मागोमाग रांगत गेली.

आत दोघांना गुडघे पोटाशी घेऊन कसंबसं बसता येत होतं. अंधार चांगलाच होता.

"काय हो," वीणा हळूच म्हणाली, "दगडाचा वास?"

विष्णूनं गुडघे आणखी जवळ ओढले.

"एकदाही नाही गेलात?"

"नाही."

"वैजापूरहून? एसटीनं दीड तासावर?"

"तेच तर." त्याचा आवाज अंधारात वेगळाच वाटत होता, कार्यक्रम करणारा नव्हे. "आमच्याकडे पाहुणे यायचे ना, पुण्याचे, मुंबईचे, सगळे वेरूळ बघायलाच यायचे. सकाळी जीप ठरवायची. जीपमध्ये पाहुणे, आई, दोघी बहिणी, डबे. वडील त्यांना घेऊन जायचे, आणि मग दुकानावर कोण? मी. मोटार-पंपाचं दुकान, बंद ठेवून कसं चालेल? शेतकरी लांबून यायचे. वडील म्हणायचे, तू काय, तू इथलाच आहेस, कधीही जाशील. आणि शाळेची सहल गेली तेव्हा गोवर निघाला."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी सगळे परत यायचे. अंगणात बसून सांगत राहायचे. मी सगळ्यांचं ऐकायचो. एकेकाला विचारून घ्यायचो, हत्ती कुठल्या बाजूला, पूल कुठे. शेवटी असं व्हायला लागलं की नवीन पाहुणे आले की मीच त्यांना आदल्या दिवशी सांगायचो काय काय बघायचं. कुणी विचारलंच नाही, तू बघितलंस का म्हणून. आज पहिल्यांदा या बाईनं विचारलं."

वीणाला खरं म्हणजे त्याचा हात हातात घ्यायचा होता. पण तो कोनाडा, ते दोघं, बाहेरून येणारा असुंताचा आवाज, आणि तो "दगडासारखा" वास. तिला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबेना. खडकानं ते चारपट करून बाहेर पाठवलं.

"वहिनी!" बाहेरून कॅस्मिर ओरडला. "संन्याशाची जागा आहे ती! काय चाललंय आत?"

मग विष्णूही हसायला लागला.

"सांगू नकोस कुणाला," तो तिला म्हणाला.

"मी कशाला सांगू?" वीणा म्हणाली. "तुम्हीच सांगाल."

उरलेल्या प्रवासात वीणाची चैन होती. विष्णूनं तोंड उघडलं की ती गोड आवाजात म्हणायची, "अहो, ते वटवाघळांचं सांगा ना." की तो खिडकीबाहेर बघायचा. वेरूळ बंद झालेलं पाहून कॅस्मिर काळजीत पडला. त्याला वाटलं, आपण बोटं मोजून मित्राला दुखावलं. आणि भरपाई म्हणून, दुबईत उतरून सामानाची वाट बघत असतानाच, त्यानं भर विमानतळावर जाहीर केलं की डिसेंबरात सगळ्यांनी वेरूळला जायचं. गाइड, अर्थातच, विष्णू. घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार झाला होता: 'वेरूळ विथ विष्णू'. फोटो म्हणून त्याचे ते भोकातून बाहेर आलेले तळपाय.

पुढचे काही आठवडे विष्णूनं अभ्यास केला. जबल अलीला जाता-येता गाडीत लेण्यांचे व्हिडिओ लावून ठेवायचा, सिग्नलला मागे घेऊन पुन्हा ऐकायचा. गोदामात फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर खडूनं कैलास लेण्याचा नकाशा काढून बघत उभा राहिला, तेव्हा सेफ्टीवाल्या इद्रीसनं विचारलं, "विष्णूभाई, ये नया एक्झिट प्लॅन है क्या?" वीणा सगळं बघत होती. ती फक्त एवढंच विचारायची, "अहो, चप्पल कुठे काढायची हो तिथे? नाही, सहज." आणि त्याचा घास तोंडाशीच थांबायचा.

एका रविवारी कॅस्मिर आणि कॉन्सेप्टा जबल अलीच्या चर्चमधून आले आणि त्यांनी वरच्यांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर कॉन्सेप्टानं वसईहून आलेली सुकेळी बशीत मांडली. सोन्याच्या रंगाची, वाळवलेली, मधासारखी गोड केळी. विष्णूची ती फार आवडती. त्यानं एक उचललं.

"विष्णू," कॉन्सेप्टा म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं तुम्हाला माहितीये. कैलासला गाडीतून उतरल्यावर किती चालावं लागतं? आणि मध्ये बसायला जागा आहे का कुठे?"

विष्णूनं वीणाकडे बघितलं. वीणा केळ्याच्या बशीकडे बघत होती. मदत येणार नव्हती. त्यानं हातातलं सुकेळं परत बशीत ठेवलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी वेरूळ बघितलेलं नाही."

कॅस्मिरला वाटलं विनोद आहे. तो हसला, मग विष्णूचा चेहरा बघून थांबला.

"म्हणजे? अलीकडे नाही?"

"कधीच नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. जीप, दुकान, गोवर, अंगण. नेहमीसारखा हात वर गेला नाही की मध्ये पाणी प्यायला थांबला नाही.

"हबीबी," कॅस्मिर म्हणाला, "त्या म्हातारीपुढे मी घाम गाळून तुझे हत्ती इटालियनमध्ये नेले. आणि तू हत्ती बघितलेच नाहीस?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही रे."

कॅस्मिर सोफ्यावर आडवाच झाला. हसताना त्याचा आवाज बंद व्हायचा आणि नुसतं पोट हलायचं. तसं ते बराच वेळ हलत होतं. कॉन्सेप्टानं त्याला उशी फेकून मारली आणि बशी विष्णूपुढे सरकवली. "घ्या हो तुम्ही. बरंच झालं. तुम्ही गाइड असता तर आम्हाला तोंड उघडायला मिळालं असतं का?"

"सो हू इज टेकिंग अस?" मिहिकानं विचारलं.

"तुझी आई," विष्णू म्हणाला. "ती जाऊन आलीये. वटवाघळांपर्यंत सगळं माहितीये तिला."

सगळ्यांनी वीणाकडे बघितलं. वीणाला असं एकदम सगळ्यांनी बघायची सवय नव्हती. "मला तर फक्त वासच आठवतोय," ती म्हणाली, पण पदर नसताना खांद्यावरचा पदर सारखा केल्यासारखा तिचा हात वर गेला. ग्रुपचं नाव तिथल्या तिथे बदललं. तळपायांचा फोटो मात्र कॅस्मिरनं काढू दिला नाही.

वर जायला जिना पुरे होता, पण दूध संपलं होतं म्हणून तिघं गाडीनं सुपरमार्केटला निघाले. मिहिका मागे बसली होती. फोन तिच्या मांडीवर उलटा पडलेला.

"बाबा," ती म्हणाली, "दॅट शॉप. व्हॉट डिड यू ॲक्च्युअली सेल?"

"पंपाचे पार्ट गं. इंपेलर, फूटव्हॉल्व, वॉशर."

"व्हॉट इज अ फूटव्हॉल्व?"

विष्णूनं आरशातून तिच्याकडे बघितलं. चेष्टा करतेय का ते त्याला कळेना. मग सावकाश सांगायला लागला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी तो बसवतात, पाणी परत खाली पडू नये म्हणून. उन्हाळ्यात गाळ अडकला की शेतकरी तो पिशवीत घालून घेऊन यायचे, ओला, शेवाळ लागलेला, आणि हा खिळ्यानं साफ करून द्यायचा. केरू नावाचा एक म्हातारा तर नुसता गप्पा मारायला जुनाच फूटव्हॉल्व घेऊन यायचा. मिहिका मध्ये मध्ये विचारत होती. हाऊ ओल्ड वर यू? वर यू अलोन? त्यानं हे सगळं आधी कधीच सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे कुठे थांबायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दूध घेऊन ते परत आले, गाडी लागली, तरी दोघं उतरेनात. वीणानं पिशवी उचलली.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी वर जाऊन रात्रीचा भात टाकते."