पडवीतली नऊ मुलं

१९८७ सालची गोष्ट. बोईसरहून आलेल्या एसटीतून शालू उतरली ती स्लाईड प्रोजेक्टरची पेटी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून. केळव्याची ही मुलगी पालघरला डी.एड. करत होती आणि आज तिचा यंत्र वापरून घ्यायचा सराव पाठ होता. विषय, बी कसं रुजतं. अध्यापक विद्यालयात पेटी एकच, बल्बही एकच. त्यामुळे आठ दिवस तिच्या डोक्यात पोरं कमी आणि बल्बच जास्त!

मागच्या खेपेला तिने चौथीच्या वर्गाला सांगितलं होतं, प्रत्येकाने कोंब आलेलं बी आणायचं. ऐकलं कुणी? एकटीने, आदिवासी पाड्यावरच्या जिवलीने. करवंटीत माती घालून तिने वाल रुजवले होते. शाळेच्या पायरीवर शालूला गाठून ती म्हणाली, "बाई, तुमी बोललात ना, सगल्यांना दावीन." शालू हो हो म्हणाली आणि वायरीच्या मागे धावली.

वायर समोरच्या तात्यांच्या घरातून आणायची होती. शेजारी तारापूरच्या अणुकेंद्रात एवढी वीज होते आणि इथे शाळेत दिवा नाही, पण ते रडगाणं राहू दे. खिडक्यांना गोणपाट लावलं. पाठाचे निरीक्षक कमलाकांत सर मागे खुर्चीत वही उघडून बसले. तरी चित्र काही उमटेना, कारण दारातून ऊन आत येत होतं. शालूने दार ओढलं आणि कडी लावली. मग काय विचारता! भिंतीवर हातभर कोंब उगवला, पोरांचे डोळे विस्फारले. सरांनी पन्नासात त्रेचाळीस गुण दिले आणि शेरा लिहिला, 'साधनाचा वापर उत्तम'.

शालूने हसत दार उघडलं. पडवीत नऊ मुलं भिंतीला टेकून बसली होती.

पाड्यावरची मुलं या शाळेत पडवीतच बसत आणि दारातून फळा बघत. नियम कुठे लिहिलेला नव्हता. आपली पोरं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली गावाला खपत नसे, आणि गावाशी वाकडं नको म्हणून शाळेचे शांताराम गुरुजी डोळ्यांवर कातडं ओढून घेत. शालूने हे पाहिलं नव्हतं? चारदा पाहिलं होतं की! उघड्या दारातून शिकवताना टोचलं नव्हतं, इतकंच.

"बाई, आमी भायेरच होतो," जिवली म्हणाली. "आता उद्यापासून नाय यायची मी." करवंटी पायरीवर ठेवून ती पाड्याच्या वाटेला लागली.

शालूला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. गावाचा राग आला, गुरुजींचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. भिंतीवरचं बी दाखवायला खरं बी दाराबाहेर ठेवलं, कसली डोंबलाची शिक्षिका मी!

हा पाठ रद्द धरा, ती सरांना म्हणाली. सरांनी समजावलं, एक पाठ कमी पडला तर परीक्षेला बसता यायचं नाही, वर्ष जाईल. ती म्हणाली, मग पुन्हा घेते, आत्ताच, सगळ्यांना आत बसवून. गुरुजींनी हात जोडले. पोरी, तू संध्याकाळी पालघरला जाशील, आम्हाला इथेच राहायचंय. आणि ती मुलं आत आली तर तात्या वायर काढून नेतील.

"नेऊ देत, गुरुजी. वाल रुजायला वीज लागत नाही."

ती धावत गेली आणि तिने जिवलीला वाटेत गाठलं. "माझं चुकलं, जिवली. चल, तुझ्याशिवाय मीही आत जाणार नाही." जिवलीने खाली बघत पायाने माती उकरली, मग ती वळली.

नऊ मुलं आत आली. गावातली सहा उठून घरी गेली, आणि थोड्याच वेळात तात्यांनी खरंच वायर ओढून नेली. उरलेली पोरं करवंटीभोवती दाटीने बसली. जिवलीने एक वाल मातीतून अलगद उपटला आणि मूळ आधी येतं की कोंब, ते सगळ्यांना दाखवलं.

पाठाच्या वहीत शेवटी 'माझ्या त्रुटी' असा रकाना असतो. तिथे शालूने लिहिलं, 'पहिल्या पाठाला नऊ मुले बाहेर होती. दार मी लावले.' खाली निरीक्षकाची सही लागते. कमलाकांत सरांनी पेन उघडलं आणि पान मागे उलटून स्वतःचाच शेरा पुन्हा वाचला, 'साधनाचा वापर उत्तम'. दार लागलं तेव्हा तेही आतच बसले होते.

वाचकहो, तुम्ही केली असती सही?