खालची पंगत

सुगतची हैदराबादला बदली झाली, तेव्हा तो आई-बाबांच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये दोन वस्तू मागे ठेवून गेला: न चालणारी ट्रेडमिल आणि चालू स्थितीतला फिशटँक. ट्रेडमिलवर रमाबाईंनी चादरी वाळत घातल्या. फिशटँक भाऊरावांच्या गळ्यात पडला. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या फायली सांभाळल्या, मग चार मासे काय जड, असं त्यांना वाटलं होतं.

काच हिरवी पडू लागली तसे ते मार्केटमधल्या दुकानात गेले. दुकानदाराने बोटाएवढा, तपकिरी, मिशीवाला मासा पिशवीत घालून दिला.

"अंकल, ये सकर है. सफाई करेगा. इसको अलग से कुछ नहीं देना, ऊपरवालों का जो बचेगा वही खाएगा."

भाऊरावांनी मान डोलावली, पण ते वाक्य त्यांच्याबरोबर घरी आलं आणि कुठेतरी खुपत राहिलं.

मासा काही सफाई करेना. काचेला चिकटेनाही. तळाच्या टोकदार खड्यांत तोंड खुपसून काहीतरी शोधत राही, मधेच सरळ वर जाऊन हवा गिळून येई. दाणे पडले की वरचे गप्पी मासे ते फस्त करत. खाली काही पोचतच नसे. थोड्याच दिवसांत माशाचं पोट आत गेलं आणि मिशा झिजल्या.

"अहो, तो उपाशी आहे," रमाबाई म्हणाल्या.

"दुकानदार म्हणाला, उरलेलंच खातो."

"उरतं कुठे? आणि उरलेलं खायलाच काय जन्माला आलाय तो?"

भाऊरावांना आई आठवली. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात आईला लोकांची अंगणं झाडल्यावर शिळी भाकर वरून टाकून मिळायची. यांना हेच चालतं, असं लोक म्हणायचे. तेच वाक्य आज आपल्याच बैठकीत, आपल्याच तोंडून निघालं, याची त्यांना लाज वाटली, रागही आला. काही झालं तरी हा मासा जगला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. पण त्याला द्यायचं काय? सकर काकडी खातो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी चकती टाकून पाहिली. माशाने ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी टँकपाशी मटार सोलता सोलता रमाबाई एकदम हसल्या.

"अहो, यानं मला डोळा मारला."

"या वयात?"

"खरंच. पुन्हा मारला बघा."

सुगतचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा भाऊरावांनी ही गंमत त्याला सांगितली. सुगत हसला नाही.

"बाबा, असा डोळा सकर नाही मारत. फोन जवळ न्या जरा. अंगावर काय दिसतंय?"

भाऊरावांनी चष्मा सारखा केला. "खवले नाहीत रे. कौलं घातल्यासारख्या पट्ट्या आहेत. एक ओळ वर, एक खाली."

"ते चिलखत आहे त्याचं. आणि तोंड? काचेला चिकटण्यासारखं गोल आहे?"

"छे. लहानसं, खाली वळलेलं."

"मग तो कोरी आहे, बाबा. ब्रॉन्झ कोरी. तोच असा डोळा फिरवतो. काच साफ करणं त्याचं कामच नाही. त्याला तळाशी जाणाऱ्या गोळ्या लागतात. खडे काढा, बारीक वाळू घाला, त्याच्या मिशा वाचतील. आणि त्याच्यासारखे अजून चार-पाच आणा. अकेला नहीं रहता वो."

"आणि सारखा वर जाऊन हवा खातो ते?" रमाबाईंनी मधेच विचारलं.

"सवय आहे गं त्याची, आई. बिल्कुल नॉर्मल."

"म्हणजे तो सफाईवाला नाहीच," भाऊराव म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःशी पुन्हा एकदा म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि वाळू, गोळ्या अन् आणखी पाच कोरी घेऊन निघाले.

दुकानदार म्हणाला, "अंकल, काच तो गंदी ही रहेगी."

"काच मैं खुद पोंछ लूँगा," भाऊराव म्हणाले.

वाळूत मिशा पुन्हा वाढल्या, पोटं गोल झाली. सहाही जण एकमेकांच्या मागे तळ हुंगत फिरू लागले. आता रोज सकाळी भाऊराव टँकसमोर उभे राहतात. एका मुठीत दाणे, दुसऱ्या मुठीत गोळ्या.

"आधी वरच्यांना द्या, मग खालच्यांना," रमाबाई एकदा म्हणाल्या. "सगळं सांडताय."

"नाही. पंगत एकदमच बसते."

त्यांनी दोन्ही मुठी बरोबरच उघडल्या. वर गप्पींची झुंबड उडाली, खाली सहा मिशीवाले गोळ्यांभोवती बसले.

"आज तुम्हाला मारला हो डोळा," रमाबाई म्हणाल्या.

भाऊरावांनी माशाकडे पाहून मान हलवली, बाही वर सारली आणि स्पंज घेऊन ते काच घासायला लागले.