माझ्या दारावरचा कागद

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. कोंबडीची अंडी उबवणारा नव्हे; तसं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. माझ्या पोटात पेशी वाढायच्या, चपट्या बश्यांमध्ये, गुलाबी पाण्यात. आता मी प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात उभा आहे. वायर गुंडाळून डोक्यावर ठेवली आहे आणि छातीवर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. एक-दोन दिवसांत मला न्यायला माणसं येतील. मित्रांनो, त्याआधी मनातलं बोलून मोकळा होतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! आतून तांब्याचे पत्रे, बाहेर पोलादी दार, त्याच्या आत काचेचं दार. जिना चढवताना हमालांनी मला भिंतीवर आपटलं, तो पोचा अजून आहे. सदतीस अंशांवर मी जो स्थिर झालो, तो वर्षानुवर्षं हललो नाही. दिवे गेले तरी मी दोन तास ऊब धरून ठेवायचो.

माझी खरी मालकीण मावशी. पेशी सांभाळणं हे तिचं काम. ती सगळ्यांची मावशी होती, तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या आमच्या प्रमुख बाईंचीसुद्धा. सकाळी साडेसातला येऊन ती माझ्या तळाचं पाण्याचं ताट भरायची, काच पुसायची आणि आतल्या बश्यांना विचारायची, "काय लेकरांनो, झोप लागली का?"

आमच्याकडे एक शिस्त होती. माझं दार जो उघडेल त्याने दारावरच्या कागदावर वेळ लिहायची आणि काय केलं ते लिहायचं. कागद भरला की त्याच्यावर नवा कागद, आणि सगळ्यांना मिळून एकच चिमटा. आठवड्याच्या शेवटी बाई खाली सही करायच्या. मावशीने ही शिस्त एकदाही मोडली नाही.

मग घाई आली. संशोधन करणारी विद्यार्थिनी. आधी तिची पिशवी दाराला अडकायची आणि मागून ती आत यायची, म्हणून हे नाव पडलं. तिचा प्रश्न मला फार आवडायचा. पेशीच्या अंगावर ग्राही नावाची प्रथिनं असतात. बाहेरून वाढीचा निरोप घेऊन एक द्रव्य येतं आणि ग्राहीला बिलगतं. मग दोन ग्राही जवळ येतात आणि आतल्या बाजूला एकमेकांच्या शेपटीवर खूण करतात. ती खूण ओळखून आतलं दुसरं प्रथिन येऊन चिकटतं आणि निरोप पुढे जातो. घाईने असं एक नवं प्रथिन हेरलं होतं. निरोप आला तरच ते ग्राहीला धरतं, एरवी नाही, हे तिला दाखवायचं होतं.

त्यासाठी पेशींना उपाशी ठेवावं लागतं. त्यांच्या जेवणात, म्हणजे सीरममध्ये, वाढीचे निरोप आधीच मिसळलेले असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी सीरम काढून घ्यायचं. सकाळपर्यंत ग्राही गप्प होतात. मग अर्ध्या बश्यांना निरोप द्यायचा, अर्ध्यांना नाही, आणि पाच मिनिटांनी पेशी फोडून बघायचं की ग्राहीसोबत कोण चिकटून आलंय. ते प्रथिन असेल तर एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटते.

पहिल्याच प्रयोगाच्या वेळी घाई तापाने फणफणली. दोन दिवसांनी आली तोवर उपाशी पेशी मरून तरंगत होत्या. माझ्यासमोर जमिनीवर बसून ती ढसाढसा रडली. ते मावशीने पाहिलं. पुढच्या वेळेपासून, घाई यायच्या आधी, ती प्रत्येक उपाशी बशीत सीरमचे चार थेंब टाकू लागली.

त्यानंतर वर्षभरात आणखी सहा प्रयोग झाले. सहाही वेळा दोन्हीकडे काळी पट्टी. निरोप दिला तरी आणि न दिला तरी. घाईचं वजन उतरलं. बाई म्हणाल्या, "महिनाअखेर स्वच्छ उत्तर आलं नाही तर हा विषय बंद. मी तरी किती थांबू?" विषय बंद म्हणजे चार वर्षं पाण्यात आणि घाई घरी.

मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे? एकदा मी धोक्याची घंटा वाजवून पाहिली. पाणी संपलं असेल असं समजून मावशीने ताटात पाणी ओतलं, बटण दाबलं आणि मला गप्प केलं.

महिना संपायला चार दिवस होते. मला पुसायची पाळी घाईची होती. फडका चिमट्याला लागला आणि वर्षाचे कागद जमिनीवर पसरले. तारखेनुसार लावता लावता ती वाचू लागली. 'साडेसात. घाईच्या बश्या. सीरम चार-चार थेंब. लेकरं सुकत होती.' ती तिथेच बसली, पूर्वी रडली होती त्याच जागी. तेवढ्यात धुतलेल्या बाटल्या घेऊन मावशी आली.

"मावशी, हे तुम्ही लिहिलंय?"

"मग. जे करते ते लिहिते. का गं?"

"सहाही वेळा थेंब टाकले?"

"त्या दिवशी किती रडली होतीस तू. म्हटलं, चार थेंबांनी काय होतंय."

घाईने तिला समजावून सांगितलं की ग्राही जागे व्हायला तेवढे थेंब पुरतात. मावशीने बाटल्या खाली ठेवल्या. "म्हणजे तुझं वर्ष मी वाया घालवलं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता घाई कडाडणार. तिने एकेक कागद पुन्हा बघितला. मग म्हणाली, "सहाही वेळा माझी ओळ तुमच्या ओळीच्या लगेच खाली आहे, मावशी. मी माझं तेवढं लिहिलं. वरचं कधी वाचलंच नाही."

दोघी कागद घेऊन बाईंकडे गेल्या. बाईंनी ते चाळले आणि चष्मा काढला. "प्रत्येक कागदावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "करा पुन्हा एकदा. मी थांबते."

नव्या प्रयोगाच्या सकाळी साडेसातला मावशीने माझं बाहेरचं दार उघडलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती काचेतून बघत राहिली. मग दार लावून तिने एक ओळ लिहिली. दहाला घाई आली. या वेळी तिने आधी वरची ओळ वाचली आणि मग दाराला हात लावला.

फिल्म धुऊन आली तेव्हा मावशीने ती खिडकीकडे धरली. एका बाजूला ठसठशीत काळी पट्टी होती. दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून तिने विचारलं, "ही उपाशी लेकरं?"

"हो."

"काहीच नाही दिसत."

"काहीच नाही, मावशी," घाई म्हणाली, आणि दोघी हसत हसत रडल्या. इतकं रिकामं काही इतक्या आनंदाने बघताना मी कुणाला पाहिलं नाही.

पुढे मावशी निवृत्त झाली. घाई आता दुसरीकडे स्वतःची प्रयोगशाळा चालवते. माझ्या जागी नवा गडी आला आहे. तो सगळं स्वतःच नोंदवतो, त्याच्या दाराला कागद लागत नाही. असू दे. पण त्याला सकाळी कुणी 'झोप लागली का' विचारत नाही, आणि मला मात्र ते ऐकावंसं वाटतं.

मित्रांनो, माया जरूर करा, पण विचारून करा. आणि दुसऱ्याने लिहून ठेवलेलं वाचत जा. मला न्यायला माणसं आली तर त्यांना सांगा, चिमट्यात अजून राहिलेला त्या सकाळचा कागद आधी सोडवून घ्या. शाई फिकट झाली आहे, तरी मावशीचं अक्षर लागतं:

'साडेसात. दार उघडलं. लेकरं बघितली. काही दिलं नाही.'