बाहीची खूण

डोकं चालतं राहावं म्हणून डॉक्टरांनी मला पत्त्यांच्या जोड्या लावायला सांगितलंय. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला हा पोरखेळ! रोज दुपारी बायको पत्ते पालथे मांडते आणि मी जिंकतो. जिंकणारच. पत्त्यांच्या पाठीवर मी पेन्सिलीने बारीक खुणा केल्यात, कापडावर करायचो तशाच, कुठे गळ्याची, कुठे बाहीची. वेडा ठरण्यापेक्षा लबाडी परवडली.

आज एका पत्त्यावर बाहीची खूण दिसली. बाही म्हणजे कोण? राजा की राणी? काही केल्या आठवेना.

"धड मांडताही येत नाहीत का तुला?" मी बायकोवरच खेकसलो.

तिने मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "अहो, बाही म्हणजे राजा."